आत्याचं 'येतो' आणि आत्याचं 'जाते'

वाचकाचं पत्र:

मॅडम, मी कागल तालुक्यातल्या एका गावातली. पुण्यात भाषाविज्ञानात एम. ए. करते आहे. आमच्याकडे बायका 'मी जातो', 'मी आलो', 'मी जेवलो' असंच बोलतात. पुण्यात आल्यावर हॉस्टेलमधल्या मुली हसायच्या. हळूहळू माझ्या तोंडून 'जाते', 'आले' येऊ लागलं, पण घरी फोन लावला की आपोआप 'जातो'. लघुप्रबंधासाठी हाच विषय घेतलाय. गावी गेले, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आत्या, काकू, शेजारच्या वहिनी यांना विचारलं, "तुम्ही काय म्हणता, जातो की जाते?" सगळ्या म्हणाल्या, "जाते." मग चहा झाला आणि उठताना आत्या म्हणाली, "चल गं, येतो मी." यातलं खरं काय धरू? बाबांना तर विषयच पसंत नाही. घरच्या बायकांचं अशुद्ध बोलणं पुण्याच्या कॉलेजात मांडून काय मिळणार, असं ते म्हणतात. शिवाय मी स्वतःच बदलले आहे. मग मी हा अभ्यास तटस्थपणे कसा करू?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

दोन्ही धर. आत्याचं 'जाते' ही थाप नव्हती आणि 'येतो मी' ही चूक नव्हती. पुण्यात शिकणारी भाची मोबाइल पुढ्यात ठेवून विचारते तेव्हा काय बोललेलं शोभतं, ते तिने आधी सांगितलं. घरच्यांचा निरोप घेताना ती काय बोलते, ते उठताना कळलं. वहीत दोन्ही उतरव, फक्त एका रकान्यात नको.

इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९६८मध्ये ६० जणांचं बोलणं टेप केलं. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. एकाच शब्दाचे दोन उच्चार लोकांना ऐकवून 'तुम्ही यातला कुठला करता' असं विचारलं आणि मिळालेली उत्तरं त्याच माणसांच्या टेपशी ताडून पाहिली. बऱ्याच बायकांनी आपण प्रतिष्ठित उच्चार करतो असं सांगितलं होतं, पण टेपवर तो सापडत नव्हता. पुरुषांचं उलट निघालं. टेपवर प्रतिष्ठित उच्चार करणारे काहीजण आपण साधा, गावचाच उच्चार करतो असं सांगत होते. यात लपवाछपवी कुणाचीच नव्हती. आपण कुणासारखं बोलावं असं ज्याला वाटतं, ते त्याच्या उत्तरात उतरतं. तेव्हा तुझ्या सरळ प्रश्नाला मिळालेलं 'जाते' फेकून देऊ नकोस. तुमच्या गावात त्या रूपाला मान आहे, एवढं त्यावरून नक्की झालं. हा मान शाळेतून आला, मालिकांतून आला की पुण्या-मुंबईच्या सोयरिकींतून, हे शोधायला तुला पुढे जागा आहे.

मात्र 'त्या बोलतात काय' हे विचारून कधीच कळणार नाही. ते ऐकावं लागतं, आणि ऐकायला कुणी बसलं की बोलणं बदलतं. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी या पेचाला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटलं: कुणी पाहत नसताना लोक कसे बोलतात हे आपल्याला हवं असतं, आणि ते मिळवायचं तर पाहावंच लागतं. लबोव्ह आधी शाईच्या धंद्यात रसायनतज्ज्ञ होते. माणसांच्या बोलण्याला प्रयोगशाळेची शिस्त लावता येईल या विश्वासाने ते भाषाविज्ञानात आले आणि २०२४च्या डिसेंबरमध्ये गेले तोवर त्यांचं काम संपलं नव्हतं. न्यूयॉर्कमधला त्यांचा १९६२चा अभ्यास तुला पाठ असेल. उंची, मध्यम आणि स्वस्त अशा तीन डिपार्टमेंट स्टोअर्समध्ये जाऊन त्यांनी चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूंची चौकशी केली. उत्तरात 'फोर्थ फ्लोअर' येणारच. मग ऐकू न आल्यासारखं करून तेच पुन्हा वदवून घेतलं आणि बाजूला जाऊन, तिथे प्रतिष्ठेचा मानला जाणारा 'र' उच्चारला की नाही याची नोंद केली. असे २६४ कर्मचारी. दुकान जितकं उंची, तितका 'र' जास्त. काम करणाऱ्या बायका-पुरुषांच्या पगारापेक्षाही गिऱ्हाईक कोण आहे याचा रंग त्यांच्या बोलण्यावर चढला होता, हे मला त्या अभ्यासातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं.

तुला हे जसंच्या तसं करता येणार नाही, आणि करूही नकोस. तिथे अनोळखी माणसाचं नाव न घेता एका ध्वनीची नोंद होती, रेकॉर्डिंग नव्हतं. तुझ्यासमोर तुझी आत्या आहे. तिच्या नकळत मोबाइल चालू ठेवायचा नाही, हा नियम पक्का ठेव. परवानगी घेऊन, रेकॉर्डिंग चालू आहे हे सांगून बोलणं मोकळं होऊ शकतं. त्याचा रस्ता असा की प्रश्न भाषेवर नको, आयुष्यावर हवा. लबोव्ह लोकांना विचारत, 'आता आपण मरणार, असं कधी वाटलं होतं का?' माणूस असा प्रसंग सांगू लागला की त्यात गुंततो आणि स्वतःच्या बोलण्यावरची त्याची नजर सुटते. कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. २०१९च्या ऑगस्टमधला महापूर, नंतरचा २०२१चा. 'पाणी आलं त्या रात्री तुम्ही कुठं होता?' एवढं विचार आणि गप्प बस. ज्या घरात माणूस किंवा जनावरं गेली असतील तिथे मात्र हा विषय आपण काढायचा नाही. त्यांनी काढला तर ऐकायचा. लग्न कसं ठरलं, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्यावर काय झालं, शाळा का सुटली, यावरही बायका भरभरून बोलतात. आणि हकिगतीत 'मी गेलो', 'मी बसलो', 'मी रडलो' सारखं येत राहतं. तुला हवी ती रूपं तिथेच दाटीने सापडतील.

एकेकीला समोर बसवण्यापेक्षा दोघी-तिघींना एकत्र बसव. भांगलणीला जोडीने जाणाऱ्या, बचत गटात एकत्र असणाऱ्या, नाहीतर जावा-जावा. त्या एकमेकींशी बोलू लागल्या की तू बाजूला पडशील, आणि तेच तुला हवंय. जमलं तर थोडा वेळ उठून स्वयंपाकघरात जा आणि मोबाइल त्यांच्याजवळ, त्यांना सांगून, तसाच राहू दे. पहिली दहा-पंधरा मिनिटं बहुतेक कोरडी जातील. ती मोजताना वेगळी ठेव.

आता मोजण्याकडे येऊ, कारण माझ्या मते लघुप्रबंध तरेल की बुडेल हे इथे ठरेल. आत्याने तासाभरात चाळीस वेळा 'जातो'-छापाची रूपं वापरली, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. जिथे 'जातो' किंवा 'जाते' यातलं कुठलंही एक येऊ शकत होतं अशा जागा एकूण किती आणि त्यातल्या किती जागी काय आलं, हे हवं. न आलेलं रूपही मोजायचं. त्यासाठी आधी कुंपण घाल. 'मी जाईन' यात स्त्री-पुरुष भेद मुळातच नाही, ते सोड. 'मला जायचंय' सोड. 'मी भाकरी केली' यात क्रियापद भाकरीच्या मागे गेलंय, बोलणारीच्या नव्हे, तेही सोड. उरतात 'जातो/जाते', 'करतोय/करतेय', 'गेलो/गेले', 'होतो/होते' ही रूपं. यांना एकाच ढिगात टाकू नकोस. प्रत्येक गट वेगळा मोज, कारण बदल साऱ्या रूपांत एका वेळी शिरत नाही. एखादी मुलगी 'जाते' म्हणायला लागली असेल आणि 'आलो' तसंच राहिलं असेल. विशेषणांकडेही कान ठेव. 'मी बारकी होतो तेव्हा' अशी वाक्यं मिळाली, म्हणजे विशेषण स्त्रीलिंगी आणि क्रियापद 'होतो', तर बाबांच्या 'अशुद्ध' या शब्दाला तुझ्याकडे नेमकं उत्तर असेल. तिथे लिंगाचा गोंधळ नाही. बोलणारीला आपण बाई आहोत हे व्यवस्थित माहीत आहे, फक्त पहिल्या पुरुषाच्या, म्हणजे 'मी'च्या, क्रियापदावर ते दाखवायची तिच्या बोलीला गरज वाटत नाही.

असं का झालं असावं? कन्नडकडे बोट दाखवायचा मोह तुला होईल, आणि त्याला आधार आहे. कन्नडमध्ये 'नानु बंदे' म्हणजे 'मी आलो'ही आणि 'मी आले'ही. भेद येतो तो तिसऱ्या पुरुषात: 'बंदनु', 'बंदळु'. तुमच्याकडेही 'तो आला', 'ती आली' शाबूत आहे. निपाणी कागलपासून हाकेच्या अंतरावर. आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचं उदाहरण तर जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलंय. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१मध्ये दाखवलं की तिथे पिढ्यान् पिढ्या एकत्र नांदलेल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की एका भाषेतल्या वाक्यातले शब्द ओळीने बदलत गेलं की दुसऱ्या भाषेतलं वाक्य मिळतं. शब्द ज्याचे त्याचे राहिले, साचा सामाईक झाला. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चाळीस वर्षांनी त्याच ठिकाणी जाऊन हा निष्कर्ष पुन्हा तपासला. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाच. गाजलेला निष्कर्षही पुन्हा गावात जाऊन पारखावा लागतो, हे त्यातून घेण्यासारखं.

पण थांब. प्रमाण मराठीतही अनेकवचनात हेच आहे. 'आम्ही आलो', 'आम्ही जातो' हे बायकाही म्हणतात, पुरुषही. 'तुम्ही आलात' तसंच. भेद परत दिसतो तो तिसऱ्या पुरुषात: 'ते आले', 'त्या आल्या'. म्हणजे 'आम्ही'चं रूप 'मी'कडे सरकलं असं मानलं तरी चित्र हुबेहूब तेच दिसतं. नुसतं व्याकरण मांडून या दोन कारणांतून एक निवडता येणार नाही, आणि कदाचित ती दोन कारणं नसतीलही. कन्नडच्या सवयीला मराठीतच उघडं दार मिळालं असेल. निवाडा करायचा तर माणसांकडे जावं लागेल. ज्यांच्या घरात कन्नड आहे त्या बायका 'जातो' जास्त म्हणतात का? सीमेकडून आत पन्हाळ्याकडे, शाहूवाडीकडे जाऊ तसं ते विरळ होतं का? आणि 'तू कधी आलीस'चं काय, बाईला उद्देशून 'आलास' ऐकू येतं का? तुझ्या एका लघुप्रबंधात एवढं मावणार नाही. एक गाव नीट कर आणि बाकीचे प्रश्न शेवटी प्रश्न म्हणूनच लिही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणात गावोगावच्या लोकांची रेकॉर्डिंग्ज ऐकायला मिळतात. कोल्हापूर जिल्ह्यातली ऐकूनच गावी जा.

एका गोष्टीवर मला जरा थांबायचंय, कारण परदेशी पुस्तकांतून तयार झालेली पद्धत इथे अडखळते. त्या पुस्तकांत 'मूळचे रहिवासी' निवडायला सांगितलेलं असतं. आपल्या गावात कर्त्या वयाची बाई बहुधा मूळची तिथली नसतेच. ती लग्न होऊन आलेली असते. काकूचं माहेर निपाणीकडचं असेल, वहिनीचं साताऱ्याचं, आजीचं गडहिंग्लजचं. आत्या तुमच्या गावात जन्मली आणि दुसरीकडे गेली. साताऱ्याची वहिनी लग्नाआधी 'जाते' म्हणत असेल आणि सासरी चुलीपाशी बसता बसता 'जातो' म्हणू लागली असेल, तर ते तुझ्या अभ्यासातलं सोनं आहे. मुलं बोली कशी उचलतात यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. सासरी आलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी आपलं क्रियापद बदलते का, किती वर्षांत, सासूशी बोलताना की जावेशी बोलताना, हे आपल्याकडचं प्रकरण आहे आणि ते तुझ्यासारखीनेच लिहायला हवं. तेव्हा वयाबरोबर माहेर, लग्नाचं वर्ष आणि माहेरी किती जाणं-येणं होतं हे प्रत्येकीचं नोंदव. ऊठबस कुणात, तेही लिही. बेलफास्टच्या कामगार वस्त्यांत लेस्ली मिलरॉय यांनी दाखवलं की शेजार, नाती आणि कामाची जागा जितकी एकमेकांत गुंतलेली, तितकं बोलणं स्थानिक वळणाला धरून राहतं. शेतात आणि दारात त्याच चार बायकांबरोबर असणारी आणि कागलच्या एमआयडीसीत पाळीला जाणारी, या दोघींची तुलना कर. वीसेक बायका एम. ए.साठी पुरेत, पण तरुण, मधल्या आणि म्हाताऱ्या अशा तिन्ही वयांतल्या घे. तरुण मुलींत 'जाते' जास्त मिळालं तर लगेच बोली बदलली असं लिहू नकोस. कॉलेजच्या वयात 'जाते' म्हणणाऱ्या मुली चाळिशीत पुन्हा 'जातो'कडे वळत असतील. आज पन्नाशीत असलेल्या बायकांना त्यांच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल विचारलंस तर थोडा अंदाज येईल.

तू बदललीस त्याचं काय? लबोव्ह यांचा पहिला अभ्यास मार्थाज व्हिन्यर्ड नावाच्या अमेरिकी बेटावरचा, १९६३मध्ये छापला गेलेला. उन्हाळ्यात पर्यटक बेट भरून टाकत, जमिनी बाहेरच्यांकडे जात होत्या, मासेमारी आटत होती. अशा वेळी काही बेटकरांच्या बोलण्यात दोन संयुक्त स्वरांचा जुना, बेटावरचा उच्चार वाढताना त्यांना आढळला, आणि तो सर्वांत ठळक तिशी ते पंचेचाळिशीतल्या लोकांत. ज्याला बेटावरच राहायचं होतं त्याच्या तोंडी तो अधिक. त्यात एक तरुण होता, बाहेर कॉलेजात शिकून परत आलेला. त्याची आई लबोव्ह यांना म्हणाली होती की हा पूर्वी असा बोलत नसे, कॉलेजातून आल्यापासूनच असं बोलतो, धक्क्यावरच्या माणसांसारखं व्हायचं असेल त्याला. बाहेर जाऊन आलेल्या माणसाला घरच्या बोलण्याची किंमत वेगळ्याने कळते. तुला ती कळली आहे, म्हणून तू हा विषय घेतलास. तटस्थ असल्याचा आव आणू नकोस. तुझं 'जाते' आणि फोनवरचं 'जातो' प्रस्तावनेत उघड लिही. आठवडाभर घरच्या फोनवर, घरच्यांना सांगून, फक्त तुझ्या बाजूचं बोलणं रेकॉर्ड कर आणि तेही मोज. आईशी, भावाशी, आणि हॉस्टेलची मैत्रीण शेजारी बसलेली असताना. संशोधन करणारीच्या बोलण्याने समोरचीचं बोलणं वळतं, हेही विसरू नकोस. मुलाखतीत तू 'जाते' म्हणालीस तर आत्याही 'जाते'कडे झुकेल. गावात आहेस तोवर गावचं बोल. ते सोंग होणार नाही, तुझी तीच भाषा आहे.

बाबांचं म्हणणं मला हलकं वाटत नाही. पुण्यात तुझ्या बोलण्यावर मुली हसल्या, हे त्यांनाही ठाऊक असेल. आपल्या बायकांवर पुन्हा कुणी हसू नये एवढंच त्यांना हवंय, आणि त्यात प्रेम आहे. त्यांना फलटणची गोष्ट सांग. मॅक्सीन बर्नसन नावाच्या बाई अमेरिकेतून आल्या, फलटणमध्ये राहून त्यांनी तिथल्या सगळ्या थरांतल्या लोकांची मराठी अभ्यासली आणि त्यावर १९७३मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पीएच. डी. मिळवली. जात आणि शिक्षण यांच्याबरोबर बोलणं कसं बदलतं हा त्यांचा विषय. प्रबंध झाल्यावर त्या निघून गेल्या नाहीत. फलटणलाच राहिल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं, प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. ज्या मुलांच्या घरचं बोलणं पुस्तकातल्या मराठीहून वेगळं, त्यांना लिहा-वाचायला कसं शिकवावं यावर त्यांनी काम केलं. अमेरिकेतही १९७९मध्ये अ‍ॅन आर्बरच्या कृष्णवर्णीय मुलांचा खटला सुनावणीला आला तेव्हा लबोव्ह साक्षीला गेले. त्या मुलांचं घरचं इंग्रजी म्हणजे मोडकं इंग्रजी नसून त्याला स्वतःचे नियम आहेत, असं सांगायला. निकाल मुलांच्या बाजूने लागला. शाळेने मुलांच्या घरच्या भाषेची दखल घेऊन वाचन शिकवावं, असं न्यायालयाने सांगितलं. ज्यांच्या बोलण्यावर आपण पदवी मिळवतो त्यांचं आपण देणं लागतो, असं लबोव्ह मानत, आणि मीही मानते. तू हा लघुप्रबंध पुरा केलास तर तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या शिक्षिकेला वहीत 'मी गेलो' लिहिणाऱ्या मुलीला लाल रेघ न मारता दोन्ही रूपं समजावून सांगता येतील.

देणं आतापासूनच फेडायला लाग. नावं बदल, गावाचं नाव घालू नकोस, रेकॉर्डिंग झाल्यावर प्रत्येकीला ऐकव आणि नको वाटलेला भाग तिच्यादेखत पुसून टाक. 'अशुद्ध', 'गावंढळ' हे शब्द तुझ्या लिखाणात येतील ते फक्त कुणीतरी उच्चारलेले म्हणून, अवतरणात. आणि बाबांना नुसतं समजावत बसू नकोस, कामात घे. पुरुषांच्या 'जातो'वरून तुला काही कळणार नाही, पण ते बायकांना हाक मारून काय विचारतात, 'आलीस' की 'आलास', हे तुला हवंच आहे. दिवाळीला गेलीस की पहिलं रेकॉर्डिंग त्यांचंच कर. पुराच्या वेळी जनावरं कुठं हलवली तिथून सुरुवात केलीस तरी चालेल.